धाकटीचा चाकू

१

धाकटीची दोन बोटं गेली ती तिच्या स्वतःच्याच चाकूनं, भर सकाळी, गुलाबाच्या रांगेत बसून काम करताना. गेली म्हणजे तुटून पडली नाहीत. हाताला आहेत, पण नुसती आहेत. बोटं वाकवणारे आतले दोर कापले गेले. डॉक्टरांनी टाके घातले आणि पट्टी बांधता बांधता सांगून टाकलं, की उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट आता वाकायचं नाही. जिच्या हातचं कलम सहसा वाया जात नसे, तिला आता साधं बटण लावता येत नव्हतं.

चाकू घडीचा होता, खिशात मावणारा. चालू कामात त्याचं पातं मिटलं आणि मुठीभोवतीच्या बोटांवर आलं. असं होऊ नये म्हणून तर त्याला खटका असतो.

तो खटका जिनं बनवला होता ती बाई काही दिवसांनी रोपवाटिकेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. चाकूच्या कारखान्यात तिला सगळे खटकेबाई म्हणत. नाव चेष्टेतून पडलेलं. खटका तिचा म्हणून, आणि तिला सारखं काही ना काही खटकायचं म्हणूनही. मुठीचा कोपरा खटकायचा, स्क्रूचा आवाज खटकायचा, साहेबांचं बोलणं तर रोजच खटकायचं. निघताना साहेब म्हणाले होते, "बाई, काय हवं ते शोधून आणा. फक्त आपला खटका निसटला, एवढं आणू नका."

"आणि निसटलाच असेल तर?"

"तर बाजारातला एकूण एक चाकू परत मागवायचा आणि तुम्ही दुसरीकडे काम बघायचं."

वाटभर बाईंच्या मनात एकच घोळत होतं. कुणाचाही दोष निघो, माझ्या खटक्याचा निघू नये. असं वाटणं चांगलं नाही हे त्यांना कळत होतं, पण वाटत होतं.

फाटक उघडायला जो माणूस आला त्याची दाढी वाढलेली होती. हा घरातला थोरला मुलगा, सगळ्यांचा दादा. रोपं बांधायची, गाडीत भरायची, दुकानांना पोचवायची, हे त्याचं काम.

"कारखान्याच्या बाई ना? मीच कळवलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "तुमचा चाकू खराब होता, एवढं एकदा सगळ्यांसमोर बोला. मग काय तो तुमचा नवा चाकू द्या, नका देऊ. मला काही नको."

"आधी बघू तर द्या. एवढी घाई का?"

दादानं घराच्या दिशेनं बघितलं आणि आवाज खाली आणला. "कारण त्या सकाळी तो चाकू माझ्या हातात होता. घरात सगळ्यांना वाटतंय, मीच काहीतरी केलं."

२

रोपं बांधायच्या शेडमध्ये दादानं बाईंना स्टूल दिलं आणि स्वतः खोक्यावर बसला. त्याला बोलायचं होतं. इतके दिवस कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

"मी सुतळी कापायला घेतला. माझी कात्री सापडेना आणि तिचा चाकू इथं खिडकीत होता. सुतळी कापली, दोन-चार खोकी कापली आणि जाऊन व्हरांड्यातल्या टेबलावर ठेवला. आमचे वडील, अण्णा, तिथंच पेपर वाचत होते. मग मी गाडी घेऊन गेलो. परत येतो तो हे रामायण."

"सुतळी कापली म्हणून कुणी संशय घेत नाही."

दादानं मान खाली घातली. "आदल्या दिवशी भांडण झालं होतं. धाकटीला मोठ्या उद्यानात काम मिळालं होतं, गुलाबाच्या नव्या जाती करायचं. हा हंगाम संपला की निघणार होती. आमच्याकडे गिऱ्हाईक येतं ते तिच्या हातासाठी. मी म्हटलं, तू गेलीस की फाटकाला कुलूपच लावायचं. ती म्हणाली, लाव. मग माझी जीभ घसरली."

"काय बोललात?"

"म्हटलं, जाण्यापेक्षा हात मोडले असते तुझे तरी बरं झालं असतं." तो थांबला. "आणि दुसऱ्याच दिवशी... बाई, माणूस रागात काय वाट्टेल ते बोलतो हो. बोललेलं खरं व्हायलाच हवं का?"

"अण्णा काय म्हणाले होते भांडणात?"

"ते तिच्याच बाजूचे. म्हणाले, जाऊ दे रे पोरीला, तिच्या नशिबाच्या आड येऊ नकोस. त्यांच्यासमोर मी काय बोलणार?"

३

व्हरांड्यात अण्णा सफरचंद सोलत बसले होते. एके काळी या रोपवाटिकेचा हात तेच होते. मग हाताला कंप सुटला आणि कलमं धाकटीकडे गेली. दादानं येता येताच सांगितलं होतं, की अण्णांना कपसुद्धा धड धरता येत नाही, चहा बशीत जास्त आणि पोटात कमी जातो.

पण सफरचंदाची साल एकसंध, कागदासारखी पातळ, लोंबत खाली येत होती. दोन्ही मनगटं त्यांनी टेबलाच्या कडेवर टेकवली होती.

"बघताय काय?" अण्णा हसले. "मनगट टेकलं की हात अजून ऐकतो. उचललं की बंड करतो. घ्या, फोड घ्या. तुमचाच चाकू आहे हा, जुना. खटका नसलेला."

"खटका असलेला का नाही घेतलात?"

"धाकटीला घेऊन दिला की. मुलांना चांगलं द्यावं." सोलता सोलता त्यांनी धार स्वतःपासून लांब वळवली, अंगठा पात्याच्या वाटेतून काढला, चाकू मिटताना नजर त्यावरून हलवली नाही. सगळं आपोआप. "माझ्या घरात आजवर कुणाला चाकू लागला नव्हता, बाई. मी पोरांना अक्षरांच्या आधी हे शिकवलं. उघडा चाकू दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. बोटं खाचेवर ठेवून मिटायचा नाही. सांध्यात चीक साचू द्यायचा नाही. आणि उघडला की पहिल्यांदा पात्याची पाठ लाकडावर टेकवून दाबायची, बोटं बाजूला ठेवून. खटका धरतो का बघायचं, मगच कामाला हात लावायचा. आपला चाकू दुसऱ्यानं वापरला असेल तर पुन्हा तपासायचा."

"हे तर आम्ही कारखान्यातही एवढं नीट सांगत नाही."

"म्हणून म्हणतो, तुमच्या खटक्याचा काही दोष नाही." अण्णांनी आवाज खाली आणला. "माझा थोरला जरा धसमुसळा आहे. त्यानं त्या चाकूनं खोक्याचं झाकण उचकटलं असणार. कबूल करत नाही. बापाला मुलाबद्दल हे बोलणं सोपं नाही, पण तुम्ही लांबून आलात, तुम्हाला का खोटं सांगू?"

बाईंच्या छातीवरचं ओझं एकदम हलकं झालं. झाकण उचकटलं, खटका वाकला, संपलं. उद्याच्या गाडीनं परत. त्यांनी दादाच्या बायकोकडून, म्हणजे वहिनीकडून, चाकू मागून घेतला. तिनं तो जुन्या टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या वर टाकला होता. बाईंनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि डोळ्याला भिंग लावलं.

मग त्यांना खटकलं.

चाकूनं काही उचकटलं की टोक वाकतं, निदान त्यावर ओरखडे पडतात, आणि पातं सांध्यात हलायला लागतं. इथं टोक सुईसारखं होतं. सांधा घट्ट. पात्याला धार अशी की बाईंच्या मनगटावरचा केस नुसता टेकल्यावर पडला.

त्यांनी मुठीच्या आत बघितलं. हा खटका म्हणजे पोलादाची एक चपटी पट्टी. पातं पूर्ण उघडलं की ती खट्‌कन पात्याच्या मागे येऊन बसते आणि त्याला मिटू देत नाही. तिचं टोक कारखान्यात सपाट आणि चौकोनी करतात. हे टोक गोल होतं. बारीक दगडानं, सावकाश, एका बाजूला उतरतं घासलेलं. ओरखडे सगळे एकाच दिशेला, शेजारी शेजारी.

खटका निसटला नव्हता. कुणीतरी त्याला निसटायला लावलं होतं.

बाईंना आधी आनंद झाला. आणि तो झाला याचीच मग त्यांना किळस आली.

४

"मला ती रांग दाखवता?" बाईंनी वहिनीला विचारलं.

वहिनी पुढे चालली. बोलायला मोकळी बाई. "तुम्ही सगळ्यांनाच विचारताय, मग मीच आपलं सांगून टाकते. ती जाणार म्हणून मला बरंच वाटत होतं. इतकी वर्षं या घरात तिच्या मर्जीनं सूर्य उगवायचा. रोपांची आई ती, मी म्हणजे नुसती पाणी घालणारी. गेली असती तर मीही कलमं शिकले असते. आता काय, ती कायमचीच घरात. मला हवं होतं ते झालं नाही, बघा."

बाईंना ते पटलं. ज्यानं कुणी पट्टी घासली त्याला धाकटी जायला नको होती. वहिनीला ती जायलाच हवी होती.

रांगेत खुंटरोपं उभी होती, ज्यांच्यावर गुलाबाचे डोळे, म्हणजे बारीक कोंब, भरायचे ती. वहिनीनं कलम कसं बांधतात ते ऐटीत दाखवलं. खुंटाच्या सालीला उभा-आडवा छेद द्यायचा. पात्याच्या पाठीवर एक छोटं बोंड असतं, ते छेदात घालून साल दोन्हीकडून हळूच उचलायची. त्या खिशात डोळा सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची.

बाई ऐकता ऐकता थांबल्या. "म्हणजे कापताना जोर धारेवर. आणि साल उचलताना जोर पाठीवर."

"तसंच की."

घासलेला खटका कापताना कुणाला कळणारसुद्धा नाही. कापताना पातं उलट आणखी उघडायला बघतं. मिटतं ते पाठीकडून दाब आला तरच. ज्यानं पट्टी घासली त्याला धाकटी त्या दिवशी काय काम करणार आणि त्या कामात कुठल्या क्षणी जोर कुठं येणार, हे पक्कं माहीत होतं. सुतळी बांधणाऱ्या दादानं आजवर एकही डोळा भरला नव्हता.

"पण साल हळूच उचलायची म्हणालात. हळूच उचलताना एवढा जोर कसा येईल?"

"एरवी येतच नाही. खुंटाला भरपूर पाणी दिलेलं असलं की साल केळ्यासारखी सुटते. ही रांग कोरडी पडली होती ना." वहिनीनं वाकून एका खुंटाला नख लावलं. साल निघेना, तुकड्या-तुकड्यानं तुटायला लागली. "आठवडाभर पाणी तोडलं होतं इथलं. अण्णा म्हणाले, मुळं कुजतील, नको घालू. मी म्हटलं बरं. घाल म्हटलं की घालायचं, तोड म्हटलं की तोडायचं. मला कोण विचारतं?"

बाई खाली बसल्या आणि त्यांनी मूठभर माती उचलली. शेजारच्या रांगा ओल्या होत्या. माती तीच, मुळं तीच. फक्त हीच रांग कुजणार होती?



५

धाकटी कलमांच्या खोलीत होती. उजवा हात गळ्यात, डाव्या हातानं ती एका डोळ्याला पट्टी गुंडाळायचा प्रयत्न करत होती. पट्टी सुटत होती, ती पुन्हा गुंडाळत होती.

"कसं झालं?" बाईंनी विचारलं.

"काम करताना मिटला."

"साल उचलताना?"

तिनं पहिल्यांदाच वर बघितलं. "हो."

"त्याआधी तपासला होतात?"

"नेहमीसारखा. रांगेतच, फळीवर पाठ टेकवून दाबला. पक्का होता. आमच्या घरात न तपासता कुणी चाकू चालवत नाही."

बाईंनी चाकू उघडला. खट्‌ आवाज चांगला आला, अगदी नव्यासारखा. मूठ फक्त दोन बाजूंनी चिमटीत धरली, खाचेत एकही बोट येऊ दिलं नाही, आणि पात्याची पाठ टेबलावर टेकवून जरा, अगदी जरा दाबली.

पातं फटकन मिटलं.

त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा टेकवलं. पुन्हा मिटलं. तिसऱ्यांदा करायला गेल्या तेव्हा धाकटी म्हणाली, "पुरे."

"तपासला असता तर फळीवरच मिटला असता. तुमच्या बोटांना ओरखडाही आला नसता."

सुटलेली पट्टी टेबलावरून घरंगळत खाली गेली, ती धाकटीनं उचलली नाही.

"बाई, एक ऐकाल?" ती शेवटी म्हणाली. "खटका खराब होता असं लिहा. मी सही करते. माझ्याकडून कारखान्याला कसलाही त्रास होणार नाही, भरपाई नको, काही नको."

"आणि मग लोक माझा चाकू टाकून जुने, बिनखटक्याचे घेतील. ते मिटतील तेव्हा त्यांच्या बोटांचं काय करू?"

"माझ्या बोटांचं कुणी काय केलं?" ती एकदम कडवट हसली. "तुम्हाला तुमचा खटका वाचवायचाय. वाचवा. प्रत्येकाला आपापलं काहीतरी वाचवायचं असतंच."

ते खरंच होतं.

६

व्हरांड्यात अण्णा एकटे होते. बाई समोर बसल्या आणि चाकू मिटलेला मध्ये ठेवला.

"झाकण उचकटलेलं नाही, अण्णा. पट्टीचं टोक दगडानं घासलंय. मनगट टेकवून घासलंय, नाहीतर ओरखडे इतके सरळ आले नसते."

"थोरल्यानं..."

"दादाला यातलं काय येतं?" बाईंचा आवाज चढला नाही. "पट्टी घासणं सोपं होतं. अवघड होतं ते दुसरंच. तुमची धाकटी सांगते, तिनं चाकू तपासला होता. ते खोटं आहे, तपासला असता तर हे घडलंच नसतं. नुसतं विसरली असती तर विसरले म्हणाली असती. खोटं बोलतेय म्हणजे कुणाला तरी पाठीशी घालतेय. आता असं बघा. दादाच्या हातून चाकू आला असता तर आदल्या दिवशीच्या त्या बोलण्यानंतर तिनं तो दोनदा तपासला असता. वहिनीकडून आला असता तरी तपासलाच असता. या घरात एकच माणूस असा आहे, की त्यानं 'मी बघितलाय' म्हटल्यावर पुन्हा तपासणं म्हणजे त्याचा अपमान."

अण्णांचे हात टेबलाच्या कडेवर होते. ते त्यांनी मांडीवर घेतले, आणि तिथं ते थरथरायला लागले.

"त्या रांगेचं पाणीही तुम्हीच तोडलंत. साल सहज सुटली असती तर जोर लागला नसता, आणि जोर लागला नसता तर खटका टिकला असता. मुळं कुजत नव्हती, अण्णा. मी माती बघितली."



"दोन-चार टाके पडतील म्हटलं," अण्णा म्हणाले. "एवढंच. हंगाम हातचा जाईल, उद्यानवाले दुसऱ्याला घेतील, आणि ती घरी राहील. जखम भरेल. मी काय तिचा वैरी आहे?"

"तुम्हीच तर म्हणालात, जाऊ दे तिला."

"नको कसा म्हणणार? सगळे म्हणाले असते, म्हातारा पोरीवर जळतो." त्यांनी डोळे मिटले. "लोक इथं यायचे ते माझ्या हातासाठी. मग तिच्या हातासाठी यायला लागले. ते मी सोसलं. हात घरातलाच होता. आता तोही जाणार. मग मी इथं बसून काय करायचं, कोरड्या रांगा बघायच्या?"

"दोन-चार टाके," बाई म्हणाल्या. "दोर कापले गेले तिचे. चाकू सुतळी कापून बोथट झाला होता. बोथटच राहू दिला असतात तर कदाचित खरंच टाक्यांवर भागलं असतं. ती धार कुणी काढली?"

अण्णांचा चेहरा वाकडा झाला. "मीच. सकाळी बसून." ते चाकूकडे बघत होते. "कामाला बसणाऱ्या माणसाच्या हातात बोथट चाकू देणं... नाही जमलं मला. कधीच जमलं नाही."

"मला रांगेत आणून दिलात आणि म्हणालात, घे, धार काढून ठेवलीय, तपासूनही ठेवलाय."

दारात धाकटी उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक.

"दवाखान्यात जाताना गाडीतच कळलं होतं मला, अण्णा. डोकं तुमच्याच खांद्यावर होतं. तुम्ही रडत होतात. खरंच रडत होतात, म्हणून जास्त कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून बोटं वाकणार होती?"

"आणि दादा?" बाईंना राहवलं नाही. "इतके दिवस त्याच्यावर आळ आहे."

धाकटीनं बाईंकडे बघितलं. त्या नजरेत लाज होती, पण फार नव्हती. "दादा दांडगा आहे. त्याला सोसेल वाटलं. यांना सोसलं नसतं." मग ती वडिलांकडे वळली. "तुम्हाला हवं होतं ना मी जाऊ नये? नाही जात. आता कुठं जाणार? इथंच बसेन, तुमच्यासमोर, याच टेबलाशी. रोज. तुम्ही बघा माझ्याकडे, मी बघेन तुमच्याकडे."

तिनं डाव्या हातानं खुर्ची ओढली. खुर्ची फरशीवर करकरली. ती बसली.

अण्णा उठायला गेले आणि पुन्हा खाली बसले.

७

दादा बाईंना गाडीतून स्टेशनावर सोडायला निघाला होता. मागे रोपांची रिकामी खोकी आदळत होती.

"मग? चाकू खराब होता?"

"नाही."

त्याचे हात स्टिअरिंगवर आवळले गेले. "म्हणजे मीच."

"तुम्ही नाही. मी तसं लिहून देणार आहे. चाकू कारखान्यातून नीट निघाला, नंतर कुणीतरी मुद्दाम पट्टी घासली, आणि ते काम तुम्हाला येत नाही. तेवढं माझ्या हातात आहे. पुढचं तुमच्या घरानं बोलायचं."

"मुद्दाम," दादा म्हणाला. गाडीचा वेग कमी झाला. "दगडानं घासली?"

"हो."

"मी तो चाकू नंतर पुसला होता, रक्त होतं म्हणून. म्हटलं, सकाळी तर मी यानं सुतळी आणि खोकी कापून याची वाट लावली होती, आणि आता याला ही असली धार कुठनं आली? मग वाटलं, असेल, तिनं लावली असेल." तो बोलता बोलता थांबला. "पण ती तर उठली तशी रांगेतच जाऊन बसली होती. धार लावायला वेळच नव्हता तिला."

बाहेर एक दुकानदार दाराशी पाणी शिंपडत होता. दादानं गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"असली धार आमच्याकडे एकच माणूस काढतो," तो म्हणाला.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. रडला नाही. नुसतं पुसत राहिला, चेहऱ्याला काहीतरी चिकटल्यासारखं.

"बाई, तुम्हाला माहितीये का, रोज संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसायचे. पाठीवरून हात फिरवायचे. म्हणायचे, पोरा, कबूल करून टाक, मन हलकं होईल, मी तुला काही बोलणार नाही. आणि मला खरंच वाटायला लागलं होतं, की मी झाकण उचकटलं असेन. विसरलो असेन."

"दादा, तुम्ही त्यांना विचाराल?"

"विचारू काय? आहेत किती दिवस त्यांचे? हात तर बघितलेत ना कसे हलतात." त्यानं किल्ली फिरवली. "चला, तुमची गाडी चुकेल."

स्टेशनावर त्यानं बाईंची बॅग उतरवून दिली. बाईंना काहीतरी बोलावंसं वाटत होतं. साहेब खूश होणार होते, खटका निर्दोष ठरला होता, नोकरी शाबूत होती; आणि तोंडाला नुसती कडू चव आली होती.

"घरी गेल्यावर काय करणार?" त्यांनी विचारलं.

"काय करणार? ते व्हरांड्यात असतील. विचारतील, बाईंना नीट पोचवलंस ना रे?" दादानं मागचं दार लावून घेतलं. "मी हो म्हणेन."

तो गाडीत बसला आणि गाडी वळवून घराकडे निघाला.